रक्त गोठते की नाही?

पटांगणावर पडून गुडघा फुटला म्हणजे थोडे रक्त येते आणि मग आपोआप थांबते. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन नामक द्रव्याचे जखमेच्या ठिकाणी बारीक तंतू होतात, त्या तंतूंच्या जाळ्यात रक्तकण अडकतात व भोक बुजते. मात्र या द्रव्याचा साठा मर्यादित असतो. मोठ्या अपघातात पुष्कळ रक्त वाहून जाऊन अंग गार पडले की ही सारी व्यवस्था ढासळते. म्हणून अशा जखमीची जखम दाबून धरावीच, पण त्यास पांघरूण घालून उबेतही ठेवावे.

आमच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत हाच प्रसंग दोन इवल्या छिद्रांनीही ओढवतो. उसाच्या फडात अथवा भातखाचराच्या बांधावर, वाळल्या पाचोळ्यात घोणस दिसतही नाही. दिसली तरी पुष्कळांस ती अजगराचे पिलू वाटते!

तिच्या विषाने रक्त पातळ होते, असे आम्हीही लहानपणी ऐकले होते. वस्तुतः ते विष रक्त गोठविते. हीमोफिलिया या जन्मजात विकारात रक्त थांबत नाही. अशा रुग्णांच्या जखमेवर हेच विष अत्यंत सौम्य करून लावून मॅकफार्लेन व बार्नेट यांनी १९३४ साली इंग्लंडात रक्त थांबविले होते. परंतु दंशाने ते सर्वांगात पसरले, म्हणजे जागोजागी नको तेथे गोठण्याची क्रिया सुरू होते आणि रात्रभर मोट चालवून विहीर आटावी तसा फायब्रिनोजेनचा साठा आटतो. मग हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, जुनी खपलीही पाझरू लागते.

हे ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी एकदा तिरपी करतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्यास चालना मिळते. साबणाचा अंश राहिला तरी परीक्षा फसते. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिसर्पविष तत्काळ द्यावे लागते. घोड्यांच्या रक्तापासून केलेले हे औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर चालते. ते न देता केवळ दुसऱ्याचे रक्त चढविले, तर विष त्याचाही साठा संपविते. नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत अशा रुग्णांवर कित्येक वर्षे उपचार करीत आले आहेत, हे आपल्या भागाचे भाग्यच.

आता पालकांनी विचार करावा. ज्याचे रक्त थांबण्याची शक्तीच जात आहे, त्याच्या दंशावर पात्याने चीर देणे म्हणजे काय? चीर नको, आवळून बांधणे नको, चोखणे नको. अंगठी, बांगड्या काढाव्यात, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी सैल बांधून तो हात वा पाय स्थिर ठेवावा आणि मांत्रिकाकडे न थांबता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

औषध दिल्यावर विष निष्प्रभ होते, पण खर्ची पडलेली द्रव्ये यकृतास पुन्हा तयार करावी लागतात व त्यास काही तास जातात. म्हणून सहा तासांनी नळीची परीक्षा पुन्हा करतात. या वेळी वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्ताचा गोळा जागचा हलला नाही, म्हणजे डॉक्टर बाहेर बसलेल्या आईस आत बोलावतात.