पांढऱ्या गणवेशावरचा डाग

पालकहो, पीटीचा पांढरा गणवेश शाळेतून घरी येतो तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण घरी नसतात. ऑफिस सुटून, गर्दीची लोकल पकडून ठाणे, डोंबिवली, कल्याण गाठेपर्यंत आठ वाजतात. तोवर डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा डाग चांगला मुरलेला असतो. मग दमलेल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘कितीदा सांगितलंय तुला!’ मला त्या वाक्याविषयीच तुमच्याशी बोलायचंय. पण आधी डागाचं बघू. डाग जातो याची एकदा खात्री पटली की राग निम्मा होतो.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. घाबरू नका. हळदीतलं कुरकुमिन साबणाच्या क्षारामुळे लाल दिसतं, खळबळून धुतलं की पुन्हा पिवळं होतं. डाग तेलकट असेल तर कापड कोरडं असतानाच त्यावर भांड्यांचा लिक्विड साबण चोळा, मग धुवा आणि ओला शर्ट कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हात उडतो. एका उन्हात नाही गेला तर दुसऱ्या उन्हात जाईल; फक्त डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर चालतो. डागाखाली जुनं फडकं ठेवून वरून टिपत राहायचं, चोळलं तर शाई पसरते. बदलापूरची जांभळं खाऊन शर्ट रंगवून आणला असेल तर आधी लिंबू, साबण नंतर, कारण साबणाने तो डाग निळसर होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात कित्येक सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात, कुठे बोअरवेल असते. त्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनच्या ब्लीचने पांढरे कपडे उलट पिवळट होतात. अशा वेळी मुलांना किंवा धुणंवाल्या मावशींना बोल लावू नका. गंजाच्या पिवळ्या डागावर लिंबू-मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवा, मग स्वच्छ धुवा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर काहीही मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, आणि आपली बाथरूम केवढीशी असतात!

आता रक्ताचा डाग. याला गरम पाणी कधीच नाही. रक्तातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन धाग्यात बसतात. लगेच थंड पाण्याखाली धरा, मग साबण. वाळलेला असेल तर थंड पाण्यात भिजत घाला आणि मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं टाका. फेस येतो, डाग सुटतो. पांढऱ्या सुती कापडावर हे चालतं, रंगीत कपड्यावर रंग जाऊ शकतो.

हाच डाग मुलीच्या स्कर्टवर असला की मात्र घरातले आवाज बदलतात. मे 2023 मध्ये उल्हासनगरला 12 वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा पाळी आली. कपड्यांवरच्या रक्ताचा भलताच अर्थ काढून भावाने तिला मारहाण केली, त्यात तिचा जीव गेला. जुलै 2025 मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. दोन्ही घटना आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या. पहिल्या घटनेतला भाऊ 30 वर्षांचा होता. एवढ्या वयापर्यंत त्याला पाळीबद्दल कुणी धड सांगितलंच नव्हतं, असंच मला वाटतं.

म्हणून मुलगा असो की मुलगी, दहा-अकराव्या वर्षी दोघांनाही पाळी म्हणजे काय ते सांगा आणि रक्ताचा डाग थंड पाण्याने कसा काढायचा तेही दाखवा. बाबांनी दाखवलं तर फारच छान. मुलीच्या दप्तरात पॅड आणि एक जास्तीची निकर ठेवा. डाग घेऊन ती घरी आली तर ‘पोटात दुखतंय का, काही खाल्लंस का’ हे आधी विचारा. स्कर्ट बादलीत पडू दे, त्याला घाई नाही.

आणि शाळेशीही बोला. विम्बल्डनमध्ये खेळाडूंनी नखशिखान्त पांढरंच घालायचं, हा नियम किती कडक! पण पाळीच्या दिवसांतली धास्ती ओळखून 2023 पासून तिथेही महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स घालायची मुभा मिळाली. मग आपल्या शाळांना काय अडचण आहे? येत्या पालकसभेत एवढंच विचारा: पीटीला मुलींनी पांढऱ्या स्कर्टऐवजी गडद ट्रॅकपँट घातली तर चालेल का? एकट्याने विचारायला अवघड वाटत असेल तर चौघी-पाचजणी मिळून विचारा, आणि बाबांनाही सोबत न्या.