सरासरी किती खरी?

महागाई किती वाढेल असे लोकांना वाटते, हे जाणण्यासाठी रिझर्व्ह बँक ठरावीक काळाने घरोघरी विचारपूस करते. बेंगळुरू, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांतली काही हजार घरेच त्यात असतात. एवढ्या उत्तरांवरून सगळ्या घरांचा अंदाज बांधता येतो, पण तो एका आकड्यात नव्हे, तर 'इतके ते इतके' अशा पट्ट्यात. या पट्ट्याला विश्वास अंतराल म्हणतात.

समजा, बेंगळुरूतल्या एका पतसंस्थेचे 2,000 सभासद आहेत आणि नवी आवर्त ठेव सुरू करायची आहे. सभासदाला दरमहा सरासरी किती बाजूला टाकता येईल? चिठ्ठ्या टाकून 25 जण निवडले. त्यांची सरासरी 2,400 रुपये आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, 1,000 रुपये. 25 चे वर्गमूळ 5, म्हणून 1,000 ला 5 ने भागले : 200. ही प्रमाण त्रुटी. तिची साधारण दुप्पट, 400, सरासरीच्या दोन्ही बाजूंना धरली की पट्टा मिळतो 2,000 ते 2,800. (चोख हिशोबात 2 ऐवजी 2.06 घेतात, आपल्या कामाला 2 पुरे.)

याला 95 टक्के विश्वास म्हणतात. अशा चिठ्ठ्या शंभरदा काढून दर वेळी पट्टा मांडला, तर सुमारे 95 पट्ट्यांत सर्व सभासदांची खरी सरासरी सापडेल. पट्टा निम्मा करायचा तर 50 जण पुरत नाहीत, 100 लागतात.

चिठ्ठ्या मात्र टाकायलाच हव्यात. सकाळी अकराला खिडकीशी आलेल्यांनाच विचारले, तर बहुधा पेन्शनर भेटतील, नोकरदार सुटतील. अशी 500 उत्तरेही हा दोष घालवत नाहीत.

आणि इथेच बरेचजण चुकतात : 95 टक्के सभासद 2,000 ते 2,800 भरू शकतील, असा अर्थ मुळीच नाही. पट्टा सरासरीचा आहे, माणसांचा नाही. त्याच 25 उत्तरांत कुणी 900 लिहिले असेल, कुणी 4,500. हप्ता सरसकट 2,400 ठेवला तर 900 वाल्याचा हप्ता पहिल्याच महिन्यात थकेल आणि दंडही त्यालाच बसेल. म्हणून हप्ता ठरवताना सरासरी बाजूला ठेवून ती 25 उत्तरे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडावीत आणि खालची पाच-सहा आधी वाचावीत.