दया नेमकी कोणासाठी? – अहिंसा, ज्ञानेश्वरी आणि जखमी घोड्याचा शेवट



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता अध्याय १३, श्लोक ७, त्यातला एकच शब्द – अहिंसा. सोबत ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं याच शब्दावरचं निरूपण. शक्य असेल तर आधी पोथी उघडून तो भाग वाचा, मग पुढे या.

आज हाच शब्द निवडायला एक कारण घडलं. आपल्या एका नेहमीच्या वाचक ताईंनी परवा विचारलं, "माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या आश्रयस्थानात सेवेला जातो. तिथे वरातीतून सोडवून आणलेली एक म्हातारी घोडी आहे. तिचे पुढचे दोन्ही खूर बिघडलेत, उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणतात आता तिला झोपवा. निम्मे सेवेकरी म्हणतात ही हत्या आहे, निम्मे म्हणतात हीच दया. मुलगा रात्री जेवत नाही. दादा, शास्त्र काय म्हणतं?"

आमच्या अंबाडीवरून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लग्नसराईत सजवलेली घोडी टेंपोतून नेताना दिसते. आपण तिचं बाशिंग बघतो, झूल बघतो. वय झाल्यावर ती कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ताईंचा प्रश्न मला एका घोडीपुरता वाटला नाही.

पहिलं हे की "दयामरण" असा शब्द घेऊन माऊलींनी काही सांगितलेलं नाही. ते जे सांगतात ते त्याच्याही आधीचं आहे. अहिंसा समजावताना ते सुरुवातीला खोट्या अहिंसेचा समाचार घेतात. पाऊस पडावा, जग जगावं म्हणून यज्ञात पशू मारायचा आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे कसं आहे? झाडाच्याच फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालावं तसं. देऊळ मोडून देवाला आवार बांधावं तसं. पुढे ते आणखी टोचतात : राहती घरं पाडून देवळं उभारली, व्यवहारात लोकांना लुबाडून अन्नछत्र घातलं. म्हणजे नाव पुण्याचं आणि हिशेब स्वतःचा.

यानंतर येतं खऱ्या अहिंसेचं वर्णन. तो माणूस पाऊल टाकताना खालच्या जिवाला जपतो, बोलताना जपतो, हात उचलतानाही जपतो. इथे मला मांजरीचा दाखला फार महत्त्वाचा वाटतो. मांजर आपलं पिल्लू दातातच धरते. दात तेच, उंदीर फाडणारे. पण पिल्लाला ते बोचत नाहीत, कारण धरण्यामागे माया आहे. म्हणजे नुसतं साधन बघून हिंसा की अहिंसा हे ठरत नाही. कोणासाठी आणि कसं, हे बघावं लागतं.

हेच घेऊन आता घोड्याकडे येऊ.

घोड्याच्या बाबतीत हा प्रश्न इतका अवघड का?

कुत्र्याचा पाय मोडला तर ते तीन पायांवर वर्षानुवर्षं आनंदात राहू शकतं. घोड्याचं तसं होत नाही. त्याचं वजन चारशे-पाचशे किलो आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर. एक पाय गेला की तो भार दुसऱ्यावर येतो आणि त्या चांगल्या पायाच्या खुरालाही आतून सूज येते. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड खुराच्या कवचाला ज्या पडद्यांनी धरलेलं असतं, ते पडदे सुटू लागतात. आजार वाढला तर ते हाड खाली सरकून तळव्यातून बाहेरही येऊ शकतं. बरं, आडवं करून आराम द्यावा तर एवढ्या वजनाचं जनावर फार वेळ एका कुशीवर राहिलं की त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबतात, अंगाला जखमा होतात. पोटशूळ उठला तर घोड्याला उलटी करता येत नाही आणि आतड्याला पीळ पडला तर काही तासांत जिवावर बेततं.

म्हणून "राहू द्या हो, पडून राहील बिचारी" हे वाक्य ऐकायला दयाळू वाटलं तरी घोडीच्या अंगावर त्याचा अर्थ फार वेगळा होतो.

त्याच वेळी हेही लक्षात घ्या, की खुराचा प्रत्येक आजार म्हणजे शेवट नव्हे. वेळेवर उपचार, खुरांची नीट छाटणी, योग्य नाल, मऊ जमीन, बेताचा चारा यांनी कितीतरी घोडे सावरतात. "म्हातारी झाली" हा आजार नाही. "एका डोळ्याने दिसत नाही" हे मरणाचं कारण नाही.

१९२८ सालचं वासरू

आपल्या देशात या प्रश्नावर सगळ्यात मोठं वादळ उठलं ते एका वासरामुळे. १९२८ साली साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी चर्चा केली, काहींचा विरोधही होता. शेवटी त्यांच्या समोर डॉक्टरांनी सुई देऊन त्या वासराला शांत केलं. मग त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मध्ये याबद्दल उघडपणे लिहिलं आणि संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेचा पुजारी गोवंशाचा जीव घेतो, म्हणून लोक खवळले.

पण त्या लेखाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याच लेखात आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न होता. तिथे गांधीजींनी साफ म्हटलं, की माकडांना मारावं लागलं तर ती हिंसाच ठरेल, कारण ते मारणं आपल्या फायद्यासाठी असेल. वासराचं मरण वासरासाठी होतं, माकडाचं मरण आपल्यासाठी.

किती सोपी आणि किती अवघड ओळ आहे ही! मरण दोन्हीकडे आहे, सुईही तीच असू शकते. फरक एवढाच की ते कोणासाठी? तुमच्या लक्षात येईल, माऊलींची मांजर आणि हे वासरू एकच गोष्ट सांगतात.

ही ओळ दोन्हीकडून लावायची

मंडळी, आजचा खरा पाठ इथे आहे. "कोणासाठी?" हा प्रश्न आपण फक्त मारणाऱ्याला विचारतो. जगवणाऱ्याला तो विचारतच नाही.

आधी मारणाऱ्याकडून बघू. आश्रयस्थानात जागा कमी, चारा महाग, माणसं तोकडी. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या आणि घोड्यांच्या व चालकांच्या पुनर्वसनाचा विचार करायला लावला. निकाल प्राण्यांच्या भल्याचाच होता. पण गाडीतून सोडवलेला घोडा पुढे पंधरा वर्षंही जगू शकतो आणि रोज खातो. सोडवणं एका दिवसाचं काम, सांभाळणं हजारो दिवसांचं. मग कधीतरी "याला झोपवू या" हा विचार घोड्याच्या वेदनेतून न येता पावत्यांच्या ढिगातून येतो. तेव्हा त्याला दया म्हणू नये. पैसे संपले असतील तर तसं उघड बोलावं, दुसरी संस्था शोधावी, मदत मागावी, नवीन जनावर घेणं थांबवावं. सगळं करूनही मार्ग उरला नाही, तर निदान त्या मरणाला खोटं नाव देऊ नये.

कधी मरण इतरांसाठी द्यावं लागतं, तेही आपण मान्य केलं पाहिजे. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्याखाली तो कळवावाच लागतो आणि तपासणीत तो पक्का झाला की घोडा मारावा लागतो, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. ते मरण इतर घोड्यांसाठी आणि माणसांसाठी. गरजेचं आहे, पण त्या घोड्यावर ती दया नाही. त्याच्याकडून आपण काहीतरी घेतलं, एवढं मान्य करून मान खाली घालावी.

आता जगवणाऱ्याकडून. "आमच्याकडे आजवर एकही जीव आम्ही मारला नाही" असा फलक लावायला फार बरं वाटतं. देणगीही येते. पण मागच्या ठाणात एखादी घोडी आठवडाभर उठलेली नाही, औषधांनीही वेदना आटोक्यात येत नाहीत, तोंडाशी धरलेल्या गवताकडे बघत नाही, आणि तरीही ती जिवंत आहे ती आपल्या फलकासाठी, आपल्या हाताला पाप लागू नये म्हणून. तर हे काय झालं? लुबाडून घातलेलं अन्नछत्र! आपल्या पुण्याची किंमत ती भरते आहे.

मार्च २०१६ मध्ये देहरादूनला उत्तराखंड पोलिसांच्या शक्तिमान घोड्याचा पाय मोर्चाच्या गोंधळात मोडला. पाय कापावा लागला, कृत्रिम पाय बसवला, देशभरातून मदत आली. एप्रिलमध्ये तो गेला. त्याच्यासाठी राबलेल्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा अजिबात विचार नाही. त्यांनी घोड्यासाठीच केलं. प्रयत्न करणं कधीही पाप नाही. पण रोज सकाळी "आजचा प्रयत्न अजून त्याच्यासाठीच आहे ना?" हे विचारायचं धाडस लागतं.

इथे मला पैठणचे नाथ महाराज आठवतात. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, केवढा संकल्प! वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. आपण ही कथा भूतदया म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण नाथांनी सोडलं काय, हेही बघा. स्वतःच्या यात्रेचं पुण्य सोडलं. गाढवाला त्या क्षणी जे हवं होतं ते दिलं, आपल्याला जे मिळवायचं होतं ते बाजूला ठेवलं. ताईंच्या मुलाला मी हेच सांगेन : घोडीसमोर बसताना आपली कावड खाली ठेव.

निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून काढा, डॉक्टरांसमोर बसून उत्तरं द्या :

१. वेदना औषधाने आटोक्यात येते का? की जन्मभर वेदनाशामकांवरच ठेवावं लागेल?
२. सुधारण्याची खरी शक्यता किती? शक्य असेल तर दुसऱ्या पशुवैद्यकाचं मत घेतलं का?
३. ती स्वतः उठते का, खाते का, इतर घोड्यांकडे बघते का? चांगले दिवस जास्त की वाईट?
४. उरलेलं सगळं आयुष्य एका बंद ठाणातच काढावं लागणार आहे का?
५. पैसा आणि जागा भरपूर असती, तरी आपण हाच निर्णय घेतला असता का?
६. लोक काय म्हणतील याची भीती नसती, तरी आपण तिला असंच ठेवलं असतं का?

पाचवा प्रश्न मारणाऱ्यासाठी, सहावा जगवणाऱ्यासाठी. दोन्ही प्रामाणिकपणे सुटले की उरतं ते घोडीचं उत्तर.

कायद्याचंही सांगतो, कारण बरेच जण घाबरतात. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये, ज्या जनावराला जिवंत ठेवणंच क्रूरपणा ठरेल त्याच्या वेदना संपवण्याची तरतूद आहे. रस्त्यावर जखमी जनावर असेल आणि मालक सापडत नसेल किंवा संमती देत नसेल, तर पोलीस अधिकाऱ्याने त्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवायचं, त्याचा दाखला घ्यायचा, दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यायचा, अशी वाट आहे. म्हणजे हे कोणा एकाच्या मनाने करायचं काम नाही. आणि क्रूर रीतीने मारणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे.

करायचंच ठरलं तर मांजरीचे दात आठवा. पशुवैद्यकानेच करावं. ओळखीच्या जागी, आधी गुंगी देऊन, तिला सवयीचा माणूस मानेवर हात ठेवून. हृदय थांबल्याची डॉक्टरांनी खात्री करावी. या औषधाचा अंश मृत शरीरात राहतो, ते खाल्लं तर कुत्री, कावळे, गिधाडं मरू शकतात. म्हणून खोल पुरावं. एकाचा शेवट सुखाचा करताना दुसऱ्याचा घात नको.

ताई, तुमच्या मुलाला आज जेवायला बसवा. त्याला सांगा, रडू येणं हा पापाचा पुरावा नाही. घोडी जगावी असं वाटणं हे त्याचं प्रेम आहे आणि तिची तडफड थांबावी असं वाटणं हेही प्रेमच. ते सहा प्रश्न घेऊन त्याने उद्या डॉक्टरांकडे जावं. उत्तर "अजून प्रयत्न करू" असं आलं तर मन लावून सेवा करावी. उत्तर "आता पुरे" असं आलं तर त्याने पळून जाऊ नये. तिच्या मानेवर हात ठेवायला तिथे असावं.

आजचा संकल्प : आज कोणासाठीही काही चांगलं करताना एकदा थांबून विचारीन – हे त्याच्यासाठी आहे, की माझ्यासाठी?

प्रार्थना : हे पांडुरंगा, बोलता न येणाऱ्या जिवाचा निर्णय आमच्या हाती आला, तर आमचा स्वार्थ बाजूला कर आणि आमच्या पुण्याचा लोभही बाजूला कर. हात धरायची वेळ आली तर हात दे, सोडायची वेळ आली तर बळ दे.

राम कृष्ण हरी.