पाहुण्या संगणकाचा पत्ता

एका संगणकाच्या पोटांत प्रोग्रामच्या साहाय्यानें दुसरा संगणक चालवितां येतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. बाहेरच्यास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणतात. पाहुण्यास निराळें यंत्र नसतें. तरी जाळ्यावरील पत्ता मात्र निराळा लागतो. या पत्त्याच्या घोटाळ्यांत आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. ती हकीकत सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

दोन विद्यार्थ्यांनीं व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामांत आपापले पाहुणे उभे केले व त्यांवर पालकांस दाखविण्यासाठीं शाळेच्या माहितीचीं पानें मांडिलीं. पाहुण्यांतून बाहेरचीं संकेतस्थळें उघडत. पण शेजारच्या संगणकावरून हीं पानें कांहीं केल्या दिसेनात. आम्हीं दोघांचे पत्ते पाहिले. दोन्हींकडे एकच पत्ता : १०.०.२.१५! एका जाळ्यावर दोघांस एक पत्ता असतां कामा नये; म्हणून दुसऱ्यानें पहिल्याची नक्कल केली असें ठरवून आम्हीं त्यास सर्वांदेखत बोल लाविला. तो म्हणाला, "सर, मीं त्या आंकड्यांस हातहि लाविलेला नाहीं." आम्हीं तें मानिलें नाहीं.

रात्रीं आम्हीं प्रोग्रामची माहितीपुस्तिका वाचिली, तेव्हां मुलाचें म्हणणें खरें ठरलें. पाहुण्याची जोडणी आरंभीं 'नॅट' पद्धतीची असते. ही पद्धत वसतिगृहासारखी आहे. आंतील मुलाचें पत्र अधीक्षकांच्या पत्त्यानें बाहेर जातें. कोणीं लिहिलें याची नोंद त्यांजपाशीं असल्यामुळें उत्तर बरोबर त्या मुलास पोंचतें. परंतु बाहेरच्यानें आपण होऊन आंतील खोलीचा क्रमांक पुकारला, तर त्यास वाट सांपडत नाहीं. शिवाय येथें प्रत्येक पाहुण्याचें वसतिगृह वेगळें असतें. दोन वसतिगृहांत पंधरा क्रमांकाची एकेक खोली असली, म्हणून एकानें दुसऱ्याची नक्कल केली असें होत नाहीं.

उपाय दोन आहेत. जोडणी 'ब्रिज्ड' केली म्हणजे पाहुणा शाळेच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो व इतर संगणकांच्या पंक्तीस बसतो. अथवा नॅटच ठेवून यजमानाचें एक पोर्ट, उदाहरणार्थ ८०८०, पाहुण्याच्या ८० क्रमांकाच्या पोर्टास जोडावें. मग शेजाऱ्यानें यजमानाच्या पत्त्यावर हांक मारावी. दोन्ही उपायांत फायरवॉल वाट अडवीत नाहीं ना, हें पाहावें.

पाहुण्यास बाहेरचें जाळें मुळींच दिसत नसेल, तर शोध जवळून दूर न्यावा. प्रथम प्रोग्रामांत जोडणी चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. मग पाहुण्याचा पत्ता पाहावा, तो १६९.२५४ नें आरंभ होत असेल, तर त्यास पत्ता देणारें कोणी भेटलें नाहीं असें समजावें. पुढें जाळ्याच्या दाराशीं, म्हणजे नॅटमध्यें १०.०.२.२ या पत्त्याशीं, पिंग करून पाहावें. शेवटीं बाहेरचा एखादा पत्ता आंकड्यांनीं व नंतर नांवानें हांकारावा. आंकड्यांस उत्तर मिळून नांवास मिळत नसेल, तर दोष बहुधा डीएनएसचा. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपावा. पांच गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलानें काय झालें हें समजत नाहीं.

दुसरे दिवशीं आम्हीं जोडणी ब्रिज्ड करविली. दोघांस दोन पत्ते मिळाले व पानें सर्वत्र दिसूं लागलीं. पण त्यापूर्वीं वर्गासमोर उभें राहून आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. बोल सर्वांदेखत लाविला होता, म्हणून क्षमाहि सर्वांदेखतच मागणें उचित होतें. जो क्रम यंत्राचा दोष शोधतांना पाळावयाचा, तो मनुष्यास दोष देण्यापूर्वीं तर अवश्य पाळावा, हा धडा त्या दिवशीं आम्ही शिकलों.