आधी विचार, घड्याळ कुणाचं?

हे बघ, सगळ्यात आधी एक सांगते, आणि ते कोडबद्दल नाही. मंडळाच्या पानावर तारीख-वेळ चुकीची दिसते म्हणून ग्रुपवर चार मोठी माणसं बोलली, ते मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सांभाळून, कुणी एक पैसा देत नसताना, भोपाळमधल्या मराठी घरांसाठी तू ते पान उभं केलंस. तारीख-वेळ दाखवणारी स्क्रिप्ट दिसायला दहा-बारा ओळींची असते, पण ती भल्याभल्यांना फसवते. १ जानेवारी २००० रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावर साल १९१०० असं झळकलं होतं. त्या देशाची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या संस्थांपैकी ती एक. तेव्हा तू एकटी नाहीस, आणि तुला जमत नाही असंही अजिबात नाही.

तू पाठवलेल्या तक्रारी मी सगळ्या वाचल्या. कुणाला जागा रिकामी दिसते, कुणाचं घड्याळ उघडल्या क्षणीच थांबतं, कुणाला साल १२५ दिसतं, पहाटे पान उघडणाऱ्यांना कालची तारीख दिसते. हा एक दोष नाही, चार वेगळे दोष आहेत. एकदम सगळं बदलायला बसलीस तर काय सुधारलं आणि काय नव्याने बिघडलं हे तुलाच कळणार नाही. एक दोष धर, तो मिटव, पान पुन्हा उघडून बघ, मग पुढचा घे.

रिकामी जागा सगळ्यात सोपी. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाब आणि कन्सोल उघड. तिथे लाल अक्षरांत ‘नल’चं काहीतरी लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ एवढाच की स्क्रिप्ट ज्या चौकटीत वेळ लिहायला गेली, ती चौकट पानावर अजून आलेलीच नव्हती. तुझी स्क्रिप्ट पानाच्या डोक्यावर आहे आणि घड्याळाची चौकट खाली. स्क्रिप्ट पानाच्या तळाशी ने, किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिला ‘डिफर’ लाव. आणि आयडीचं स्पेलिंग दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघ, लहान-मोठी अक्षरं धरून. कोड वर्डच्या फाइलमधून उचलला असशील तर अवतरणचिन्हंही तपास. वर्ड सरळ चिन्हांची वळणदार करून टाकतो, जावास्क्रिप्टला ती कळत नाहीत, आणि मग अख्खी स्क्रिप्ट अडते.

थांबलेलं घड्याळ. सेटइंटरव्हलला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचा नाही. कंस लावलास की फंक्शन त्याच क्षणी एकदा चालतं आणि दर सेकंदाला चालवायला काही उरत नाही. दुसरं म्हणजे, आत्ताची वेळ घेणारी ओळ फंक्शनच्या आत हवी. तुझी बाहेर आहे, त्यामुळे तोच एक क्षण पुन्हा पुन्हा छापला जातोय. आणि दर सेकंदाला एकेक मिळवत स्वतः मोजणी ठेवायचा मोह झाला तर आवर. टॅब मागे गेला की ब्राउझर वीज वाचवायला अशी कामं मंदावतो आणि तुझी मोजणी मागे पडते. दर वेळी घड्याळालाच नव्याने विचारायचं.

१२५ साल कुठून आलं हे तुला ठाऊक असायला हवं, कारण यात तुझा काही दोष नाही. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. तारखेचा भाग त्या वेळच्या जावा भाषेतून जवळपास जसाच्या तसा घेतला गेला. त्यात गेटइयर हे १९०० नंतर किती वर्षं झाली ते सांगतं. म्हणून २०२५ साठी १२५, आणि पुढे कुणी ‘१९’ चिकटवलं असेल तर १९१२५. नौदल वेधशाळेच्या पानावरचा आकडा याच जातीचा. जावाने १९९७ मध्ये ही पद्धत कालबाह्य ठरवली, जावास्क्रिप्टमध्ये मात्र ती राहिली, कारण ती काढली असती तर जुनी पानं मोडली असती. तू गेटफुलइयर वापर. गेटमंथ शून्यापासून मोजतं, जानेवारी म्हणजे शून्य. गेटडे वार देतं, तारीख नाही, आणि त्याचा शून्य म्हणजे रविवार. आपण मराठी माणसं वारांची यादी सोमवारपासून लिहितो, तीच तू कोडमध्ये लिहिली आहेस. म्हणून तुझा वार एकाने पुढे जातोय.

आता पहाटेची तक्रार. इथे जरा थांब, कारण सगळ्यात महत्त्वाचा दोष हाच आहे.

तू तारीख काढायला टोआयएसओस्ट्रिंग वापरलंस आणि त्याची पहिली दहा अक्षरं उचललीस. ते नेहमी यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, वेळ देतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे भोपाळमध्ये रात्री बारा वाजता तारीख बदलते, पण तुझ्या पानावर ती सकाळी साडेपाचला बदलते. दिवसा तपासून बघितलंस तेव्हा सगळं बरोबर दिसलं, ते यामुळेच. काकड आरतीला उठणाऱ्या काकूंना मात्र रोज कालची तारीख दिसत राहिली, आणि त्या खरं सांगत होत्या.

जावास्क्रिप्ट तारीख साठवतच नाही गं. ते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले एवढाच एक आकडा ठेवतो. हे आपल्याकडच्यांना नवं नाही. भोजराजाच्या नावावर असलेला ‘राजमृगांक’ नावाचा करणग्रंथ आहे, शके ९६४ म्हणजे इसवी सन १०४२ पासून मोजणी धरणारा. हो, तोच भोज, ज्याचं भोजपूरचं शिवमंदिर आपण सहलीला बघायचो. अशा करणग्रंथांत ठरलेल्या आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या काढायची, तिला अहर्गण म्हणायचं, त्यावरून ग्रह काढायचे. हे गणित उज्जयिनीच्या रेखावृत्तासाठी, आणि तुमचं गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला ते पाहून देशांतर संस्कार द्यायचा. मोजणी सगळ्यांची एक, देशांतर ज्याच्या त्याच्या गावाचं. तुझ्या स्क्रिप्टमध्ये मिलिसेकंदांची मोजणी बरोबर आहे. चुकलंय ते देशांतर. म्हणून वेळेचा कुठलाही दोष शोधायला बसशील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार: हे घड्याळ कुणाचं? पान बघणाऱ्याच्या फोनचं, सर्व्हरचं, की यूटीसीचं?

ग्रुपवर एका दादांनी उपाय सांगितला की मिळालेल्या वेळेत साडेपाच तास मिळव. त्यांनी आपुलकीनेच सांगितलं, पण ते करू नकोस. गेटआवर्स भोपाळच्या फोनवर आधीच आपली वेळ देतं. त्यात साडेपाच मिळवलेस तर दुपारी दोनला पानावर साडेसात वाजतील. न्यू जर्सीतल्या तुझ्या दादाकडे तिसरंच काही दिसेल. त्याऐवजी टोलोकेलस्ट्रिंगला टाइमझोन म्हणून ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट सांग, मग पान कुठूनही उघडलं तरी भारतीय वेळच दिसते. नुसतं ‘आयएसटी’ लिहून भागत नाही, कारण इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळाही तीच तीन अक्षरं वापरतात. भाषा म्हणून मराठी-भारत सांगितलीस की वार, महिना आणि आकडे तिन्ही मराठीत येतात, म्हणजे ती सोमवारपासूनची यादी हवीच कशाला! फक्त ही मराठी अक्षरं पुन्हा गणिताला घेऊ नकोस. देवनागरी २७ जावास्क्रिप्टला संख्या वाटत नाही, ते ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, म्हणून मोकळं होतं. हिशोब आधी संपवायचा, मराठीत लिहिणं सगळ्यात शेवटी.

कार्यक्रमांच्या तारखांचंही बघ. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तू नुसती तारीख लिहिलीस तर जावास्क्रिप्ट ती यूटीसी मध्यरात्र समजतं. भोपाळमध्ये ते सकाळचे साडेपाच, म्हणून आपल्याला २७ दिसते. न्यू जर्सीत त्या क्षणी २६ च्या रात्रीचे आठ, म्हणून दादाला २६ दिसली. तारखेला वेळ जोड आणि शेवटी अधिक पाच-तीस लिही, मग शंकेला जागा राहत नाही.

मी या पहाटेच्या दोषाला एवढी चिकटून का आहे, सांगते. तुझ्या पानावर दिनविशेष आहे. भोपाळमध्ये आजही लोक ‘दो और तीन दिसंबर की दरमियानी रात’ असंच म्हणतात. १९८४ च्या त्या रविवारी रात्री, तारीख उलटत असतानाच युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, आणि माणसं झोपेतून उठून धावत सुटली. त्या घरांसाठी २ आणि ३ यांच्यामधली मध्यरात्र हा तपशील नाही. ३ डिसेंबरच्या रात्री साडेबाराला यूटीसीत अजून २ तारखेच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तुझं पान आज जसं आहे तसं राहिलं, तर येत्या ३ डिसेंबरला पहाटे पाच वाजता ते २ तारखेचा दिनविशेष दाखवेल. शहराला सुट्टी असते, सर्वधर्म प्रार्थना सभा असते, आणि आपल्या पानावर मात्र आदला दिवस. हे आपल्याकडून व्हायला नको. बाकीचे दोष दोन दिवस राहिले तर चालतील, हा आधी काढ.

सर्व्हरचं थोडक्यात सांगते. पानाच्या तळाशी जी ‘शेवटचं अद्यतन’ ओळ आहे ती पीएचपीतून येते. तिथे टाइमझोन वेगळा सांगावा लागतो, ब्राउझरमधल्या दुरुस्तीचा तिच्यावर परिणाम होत नाही. शिवाय पान कॅशेत साठवलेलं असेल तर सकाळची वेळ संध्याकाळपर्यंत तशीच दिसत राहते. आजची तारीख म्हणूनच ब्राउझरमध्ये काढलेली बरी. उलट एखाद्याच्या जुन्या संगणकाचं घड्याळच चुकीचं असेल, तर ब्राउझर तीच चुकीची वेळ दाखवणार. त्यांना संगणकाची वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय चालू करायला सांग, स्क्रिप्टला हात लावू नकोस.

तपासायला पहाटे उठून बसायची गरज नाही. आत्ताच्या वेळेऐवजी कोडमध्ये ठरावीक क्षण देऊन बघ: सकाळचे पाच एकोणतीस, पाच एकतीस, ३१ डिसेंबरची रात्र, २९ फेब्रुवारी. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा भाग आहे, तिथे दुसरं शहर निवडलंस की पान त्या शहराच्या वेळेनुसार वागतं. दादाला रात्री-बेरात्री फोन करून स्क्रीनशॉट मागायला नकोत.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. संकष्टीला तू चंद्रोदयाची वेळ टाकतेस, ती मुंबईची असते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची धरली आहे, भोपाळ साधारण ७७.४ वर आणि मुंबई ७२.९ वर. म्हणजे आपल्याकडे सूर्य-चंद्र मुंबईच्या अठरा मिनिटं आधी डोक्यावर येतात, आणि उगवण्याच्या वेळेत तर अक्षांशामुळेही फरक पडतो. उपास सोडायला थांबलेल्या आजींसाठी तो फरक खरा असतो. भोपाळची वेळ मिळाली तर तीच टाक, नाही तर शेजारी ‘मुंबई’ असं स्पष्ट लिही.

पान नीट चालायला लागलं की स्क्रिप्टच्या वर मराठीत छोटी टीप लिहून ठेव: वेळ कुठल्या घड्याळातून घेतली, टाइमझोन कुठे सांगितला, पहाटेचा दोष काय होता. पुढच्या वर्षी तुझं शेवटचं सत्र जवळ येईल, काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. तिला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावू नकोस.

आज रात्री मात्र लॅपटॉप बंद कर, उद्या पेपर आहे. पेपर झाला की आधी ती टोआयएसओस्ट्रिंगची ओळ बदल, आणि कन्सोलमध्ये जी पहिली लाल ओळ दिसेल ती मला जशीच्या तशी पाठव.