गोंगाट सोसत नाही, लक्ष टिकत नाही

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, बालपणी सुरू होतो आणि अनेकांत प्रौढपणीही टिकून राहतो. वयाबरोबर उड्या मारणे थांबते. उरते ती आतली अस्वस्थता, विसराळूपणा, वेळेचा चुकणारा अंदाज आणि अर्धवट पडलेली कामे. खात्यात पैसे असूनही वीजबिलाची मुदत टळते. आवडीच्या कामात मात्र हीच व्यक्ती तहानभूक विसरते. त्यामुळे ‘मनावरच घेत नाही’ असा शेरा घरचे मारतात. तो बहुधा अन्यायाचा असतो.

यांतल्या बऱ्याच जणांना आवाज, उजेड, वास किंवा स्पर्शाचाही त्रास होतो. मिक्सर सुरू असला की समोरच्याचे बोलणे डोक्यात शिरत नाही. सदऱ्याच्या कॉलरमागचे लेबल दिवसभर टोचते. ट्यूबलाइटच्या चोकची घरघर इतरांच्या गावीही नसते, यांचे चित्त तिथेच अडकते. नको असलेले संवेदन मागे सारण्याचे मेंदूचे काम इथे कमी पडते, असे मानले जाते.

तरीही ही संवेदनशीलता एडीएचडीच्या निकषांत नाही. मानसिक विकारांच्या निदानाची नियमावली असलेल्या डीएसएमच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत (डीएसएम-5) ती स्वमग्नतेच्या निकषांत आली. दोन्ही निदाने एकाच व्यक्तीत होऊ शकतात, हेही त्याच आवृत्तीत मान्य झाले. मायग्रेन आणि चिंताविकारातही गोंगाट असह्य होतो. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे यांमुळेही लक्ष उडते. त्यामुळे रील पाहून स्वतःच निदान करून मोकळे होण्यात अर्थ नाही.

निदानाची खरी किल्ली बालपणात असते. काही लक्षणे 12 व्या वर्षाआधीपासून असावी लागतात; प्रौढांत किमान 5 लक्षणे सहा महिने, घर आणि कामाची जागा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे इथे फार उपयोगी पडतात. चाळिशीत पहिल्यांदाच लक्ष उडू लागले, तर आधी दुसरे कारण शोधावे.

निदान झाल्यावर मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन ही औषधे सुरू करण्यापूर्वी रक्तदाब व नाडी तपासतात. अॅटोमॉक्सेटिनचा गुण यायला काही आठवडे लागतात. जोडीला वर्तनोपचार असावेत. गर्दीत इअरप्लग जरूर वापरावेत, पण दिवसभर नव्हे. सततच्या शांततेने कान आणखी हळवे होतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटल्यास टेली-मानसची 14416 ही विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते.