पाणी उलटं फिरलं तर? घरातला एनआरव्ही पावसाळ्याआधी एकदा तपासाच



पावसाळा तोंडावर आला. होड्यांची डागडुजी चालू आहे, जाळी दुरुस्तीला काढलेली आहेत. दरवर्षी या दिवसांत आम्ही इंजिन आणि लाईफ जॅकेटबद्दल लिहितो. यंदा घराच्या पाईपांबद्दल लिहितोय. कारण 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्हाला जो धडा मिळाला, तो तुम्हाला मिळू नये.

त्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, हे बडोद्यात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. आपलं कार्यालय तळमजल्यावर. आम्ही दाराला वाळूच्या गोण्या लावल्या आणि दाराकडेच बघत बसलो. पाणी दारातून आलंच नाही, आधी ते संडासातून वर आलं. मग मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधून. तासाभरात खालच्या कपाटातल्या डिझेलच्या नोंदवह्या आणि सभासदांची पासबुकं गटाराच्या पाण्यात.

गंमत अशी की गटारलाईनीवर पाणी उलटं येऊ नये म्हणून झडपेचा व्हॉल्व्ह आम्ही दोन वर्षांपूर्वीच बसवला होता. त्या भरवशावर निर्धास्त होतो. पूर ओसरल्यावर चेंबर उघडलं, तर झडपेखाली जाळ्याच्या नायलॉन धाग्याचा गुंता आणि त्यात अडकलेले माशाचे खवले. झडप बोटभर उघडीच राहिली होती. चूक आमचीच. दोन वर्षांत एकदाही ते चेंबर उघडून बघितलं नव्हतं.

हे व्हॉल्व्ह बिघडले तरी घरातलं काम अडत नाही. नळाला पाणी येतं, मोरीचं पाणी जातं. ज्या दिवशी त्यांची गरज लागते, त्याच दिवशी बिघाड कळतो. म्हणून आधी तपासायचं.

पाणी उलटं का फिरतं?

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं. पाईपमध्ये दिशा त्याला दाब देतो. आपल्या घरी दाब तीन प्रकारे उलटतो.

पहिला प्रकार, वरच्या टाकीचा दाब. 10 मीटर उंचीवरचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाबानं खाली ढकलतं. रस्त्यावरची लाईन बंद झाली की तिच्यात दाब उरत नाही. मग घरातलं पाणी मागे जायला बघतं.

दुसरा प्रकार, ओढ. आजव्याचं असो की मही नदीवरच्या फ्रेंचवेलचं, नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं. पाणी बंद होताना लाईन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. त्यात कोणी लाईनीला थेट मोटर लावली असेल तर ही ओढ आणखी वाढते. फुटक्या जोडातून बाजूच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं, आणि मोटर लावणाऱ्याबरोबर शेजारीही ते पितात.

तिसरा प्रकार, पूर. विश्वामित्री चढली की भूखी कांस, मसिया कांस यांचं पाणी नदीत जाऊ शकत नाही, मागे फुगतं. गटारलाईन भरते आणि ज्याच्या घराची मोरी सर्वांत खाली, तिथून पाणी पहिलं वर येतं.

होडीवाल्यांना हे नवीन नाही. तळातलं पाणी काढणाऱ्या पंपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली गेलं आणि पंप बंद केला, तर त्याच पाईपातून बाहेरचं पाणी आत यायला लागतं. बांधून ठेवलेली होडी अशीही रात्रीत बुडते. घराचंही तसंच समजा.

हे किती महाग पडतं, याचं मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. 1955 मध्ये यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी उलटं फिरून वझिराबादला, जिथून शहराचं पिण्याचं पाणी उपसतात, तिथवर पोहोचलं. त्यानंतरच्या साथीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती, हे बऱ्याच वर्षांनी साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. ही कावीळ गरोदर बायकांना फार घातक असते. घरात गरोदर सून-लेक असेल तर हा लेख दोनदा वाचा.

आपल्या घरातली खास चूक

मासळी धुताना आपण नळाला नळी लावतो आणि तिचं दुसरं टोक टबात बुडवून ठेवतो. तेवढ्यात पाणी जातं. लाईनीत ओढ तयार होते आणि टबातलं रक्ताचं, खवल्यांचं पाणी नळीतून परत लाईनीत जातं. तीच लाईन पुढे पिण्याच्या टाकीला जोडलेली असते.

यावर उपाय फुकटचा आहे. नळीचं टोक टबाच्या काठापेक्षा वर टांगायचं, पाण्यात बुडवायचं नाही. पाणी हवेतून मागे उडी मारू शकत नाही, म्हणून हवेची फट हा सगळ्यांत भरवशाचा व्हॉल्व्ह. टाकीतसुद्धा पाणी येणाऱ्या पाईपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर किमान दोन इंच असू द्या.

बिघाड कसा ओळखायचा?

1. मोटर बंद केली की पाईपमध्ये धाडकन आवाज होतो, किंवा मोटरचा पंखा क्षणभर उलटा फिरतो. याचा अर्थ मोटरनंतरचा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उशिरा बसतोय किंवा बसतच नाही.

2. मोटर दरवेळी पाणी ओतून चालू करावी लागते. खालच्या टाकीतला फूटव्हॉल्व्ह गळतोय. सक्शन पाईपचा जोड हवा घेत असेल तरी असंच होतं, म्हणून तेही बघा.

3. रात्री घरातले सगळे नळ बंद ठेवून टाकीच्या पातळीवर खडूनं खूण केली आणि सकाळी पातळी उतरली. नळ किंवा फ्लश गळत नसेल तर पाणी मागे जातंय. मोटरचा पाईप टाकीत वरून सोडलेला असेल तर पातळी उतरणार नाही, फक्त पाईप रिकामा होईल. तिथे मोटर बंद केल्यावर पाईपाला कान लावून सळसळ ऐका.

4. रस्त्यावरचं पाणी गेल्यावर नळातून हवा आत ओढल्याचा आवाज येतो. नळाच्या तोंडाला ओला कागद लावा. चिकटून ओढला गेला तर लाईनीत ओढ आहे.

5. पाणी आल्यावर पहिली बादली गढूळ किंवा वासाची येते. हे बाहेरच्या लाईनीमुळेही असू शकतं. शेजाऱ्यांना विचारा. सगळ्यांकडे असेल तर महापालिकेला कळवा.

6. जोराचा पाऊस पडताना नहाणी ट्रॅप गुडगुड करतो, संडासातलं पाणी आपोआप वरखाली होतं. गटारलाईन भरत आलीय आणि झडप नीट लागत नाहीये, किंवा झडपच नाहीये.

प्लंबरकडून एक सोय करून घ्या. रस्त्याकडचा मेन कॉक आणि एनआरव्ही यांच्यामध्ये एक छोटा नळ. वरच्या टाकीकडे जाणारा पाईप भरलेला असताना मेन कॉक बंद करा आणि हा नळ उघडा. थोडं पाणी पडून थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला. पडतच राहिलं तर घरातलं पाणी व्हॉल्व्हमधून मागे येतंय.

दुरुस्ती

आधी मोटरचं मेन स्विच बंद, मग मेन कॉक बंद, मग नळ उघडून पाईपमधला दाब काढून टाका. ओल्या हातानं मोटरला हात लावू नका.

झडपेचा एनआरव्ही: वरची टोपी पान्यानं उघडा. झडप बोटानं उचलून सोडा, ती सहज बसली पाहिजे. क्षाराचा पांढरा थर जुन्या टूथब्रशनं घासा. निघाला नाही तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये भिजवा. ॲसिड वापरू नका, पितळ आणि रबर दोन्ही खराब होतात. रबर कडक झालं असेल तर वायसर बदला. बसायच्या जागेला खड्डे पडले असतील किंवा पिन झिजली असेल तर नवीनच घ्या.

स्प्रिंगचा एनआरव्ही: बरेचसे उघडत नाहीत. बिघडला की बदलायचा.

फूटव्हॉल्व्ह: पाईप वर ओढून जाळी साफ करा, आतलं रबर बघा. दुरुस्तीसाठी एकट्यानं जमिनीखालच्या टाकीत उतरू नका. आतली हवा खराब असू शकते.

नवीन व्हॉल्व्ह बसवताना अंगावरचा बाण बघा, बाण पाणी जायच्या दिशेला हवा. झडपेचा व्हॉल्व्ह आडवा बसवा, किंवा उभ्या पाईपमध्ये पाणी खालून वर जात असेल तिथे. पाणी वरून खाली येणाऱ्या पाईपमध्ये तो कामाचा नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप लावा, पण ताकद लावून आवळू नका.

घाण पाणी टाकीत गेल्याची शंका असेल तर टाकी रिकामी करून घासा, भरा आणि 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर टाका. पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं. एक तास थांबा. खात्री होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

गटारलाईनीची झडप

ही पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बघायची. चेंबरचं झाकण उघडा, जरा वेळ हवा जाऊ द्या, काठीनं झडप उचलून सोडा. टॉर्चच्या उजेडात बघा, कडेला काही अडकलंय का. केस, चिंध्या, धागा, खवले काढून टाका. चेंबरमध्ये उतरायचं नाही, डोकंही आत घालायचं नाही. गटाराच्या वायूनं माणूस आवाज न करता जातो. जड काम असेल तर महापालिकेकडे तक्रार द्या.

नवीन बसवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. वरच्या मजल्याची गटारलाईन झडपेच्या पुढे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला जोडा. नाहीतर पुरात झडप बंद झाल्यावर वरच्यांच्या आंघोळीचं पाणी खालच्यांच्या मोरीतून बाहेर येईल. दुसरं, झडप बंद असते तेव्हा आपलंही पाणी बाहेर जात नाही. म्हणून पूर असेपर्यंत तळमजल्यावर फ्लश नाही, धुणं नाही, मासळी धुणं तर नाहीच.

झडप नसेल तर इशारा मिळताच जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा. एक पिशवी संडासाच्या भांड्यात, एक नहाणी ट्रॅपवर. पाणी पूर्ण थांबेल असं नाही, पण सामान वर चढवायला वेळ मिळतो.

पाणी घरात शिरलंच तर आधी माणसं हलवा, मग कागद. मेन स्विच बंद करा, पण उभे आहात ती जागा कोरडी असेल तरच. बाहेर पाण्यात उतरून चेंबर बघायला जाऊ नका. विश्वामित्रीच्या मगरी पुरात वस्तीत येतात, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

आता करायचं काय?

या रविवारी घरातल्या दोघांनी मिळून तीन कामं करा: टाकीला खडूची खूण, गटारलाईनीच्या झडपेला काठी आणि टबातली नळी काठाच्या वर. तिन्हीला मिळून अर्धा तास पुरतो. त्यानंतर ज्यांना व्हॉल्व्ह बदलावा लागणार असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. पाच-सहा घरं एकत्र आली की प्लंबरला एकाच दिवशी बोलावता येईल, खर्चही कमी येईल.

आणि मासळी जिथे धुता त्या मोरीवर बारीक जाळी बसवा. आमच्या कार्यालयात आता ती आहे. नोंदवह्याही आता वरच्या फळीवर असतात.

काही अडलं तर विचारा, लाजू नका. आम्ही चुकलो तिथे तुम्ही चुकू नका, एवढंच सांगणं.

आपला,
सचिव